शाकाहारी घरातले दोन रिपोर्ट

कुवेतमधल्या सबाह अल-सालेमच्या दवाखान्यात सफिया नंबरची वाट बघत बसली होती. शेजारच्या नवरा-बायकोला वाटलं, या डोक्यावर रुमाल घेतलेल्या बाईला मराठी कुठलं कळायला. सफिया रत्नागिरीची.

“माझं बी-ट्वेल्व्ह फार कमी आलंय. डॉक्टर म्हणाले, मासे-मटण सोडलेल्यांचं असंच होतं.”

“मंदा, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला तो इंग्रज व्यापारी जन्मभर भाजीपाल्यावर जगला. वर गावोगाव भाषणं देत फिरला.”

“माहीत आहे. वर्षभर जेवताना त्याचंच चरित्र ऐकतेय. त्याच्यापायी माझी सुरमई सुटली.”

“मीही सोडलीच ना?”

“तुमचा रिपोर्ट काय म्हणतो?”

“नॉर्मल आहे.”

“एकाच कढईतलं खातो आपण. मग तुमचंच कसं नॉर्मल?”

“मी दही जास्त खातो.”

“दह्याने तुम्हाला सर्दी होते.”

“प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते गं.”

“तुमचं ऑफिस शर्कला. मासळीबाजाराच्या शेजारी.”

“दुपारी जेवायला सगळेच जातात तिकडे. एकट्याने वेगळं बसणं बरं दिसत नाही.”

सफियाने मोबाइलमध्ये डोकं खुपसलं.

“तुमच्या त्या व्यापाऱ्याचं रक्त कुणी तपासलं नाही, म्हणून त्याचं चरित्र निघालं.”