स्कार्व्हेरच्या धक्क्यावर आडवी लावलेली बोट

मी, आसलाउग हेस्टविक, वय ६१ वर्षे, धंदा मासेमारी, राहणार स्कार्व्हेर बेट, स्ट्राउमविक पालिका, उत्तर नॉर्वे. ठाण्यात समक्ष विचारल्यावरून खरे ते सांगते.

मी वरील ठिकाणी एकटी राहते. माझे पती समुद्रावर गेले ते परत आले नाहीत. त्या हिवाळ्यात शेजारच्या योरुनबाई रोज येऊन माझ्या घरची शेगडी पेटवून जात. त्याबद्दल अधिक काही सांगायचे नाही.

बेटावरचे वृद्धनिवास पालिकेने खर्च परवडत नाही म्हणून बंद केले. तिथे योरुनबाई व त्यांचे पती पेडर एका खोलीत राहत. बाईंना आता माणसे ओळखू येत नाहीत. पेडर यांचा हात मात्र धरून असतात. पालिकेने दोघांना दोन वेगळ्या गावी जागा दिली. नगराध्यक्ष आयलिफ हा माझा सख्खा धाकटा भाऊ. दोघांना वेगळे करू नकोस असे त्याला आधी घरी बोलावून सांगितले. त्याने ऐकले नाही.

मंगळवारी सकाळी त्यांना न्यायला फेरीबोट आली. ती दिसताच मी माझी बोट धक्क्याला आडवी बांधली. फेरीला लागायला जागा उरली नाही. कप्तान भोंगा वाजवत राहिला. आयलिफ धावत आला.

तो म्हणाला, "ताई, बोट काढ. लोक बघतायत."

मी म्हणाले, "बघू देत. मतं त्यांनीच दिलीत तुला."

"जागा नियमाने मिळते गं. माझ्या हातात काही नाही."

"मग खुर्ची कशाला अडवलीस? ये, जाळी साफ करायला माणूस हवाच आहे मला."

लोक हसले. तेव्हा पेडर म्हणाले, "पोरी, उगाच खटला होईल तुझ्यावर. आम्ही जातो." असे म्हणून ते बाईंच्या मुठीतून हात सोडवू लागले. तो सुटेना. नंतर कोणी हसले नाही.

फेरी तशीच परत गेली. दोघांना मी घरी आणले. ती आजही माझ्याकडे आहेत. काल आयलिफ वृद्धनिवासातला त्यांचा पलंग घेऊन आला, मांडून दिला आणि गेला.

माझी बोट आपण जप्त केली आहे. फेरी पुन्हा त्यांना न्यायला आली तर शेजाऱ्याची बोट मागून घेईन. तो देतो म्हणाला आहे. त्याचे नाव सांगणार नाही.

जबाब मला वाचून दाखवला. साहेबांनी माझ्या भल्यासाठी बोट 'चुकून' आडवी गेली असे लिहिले होते. तो शब्द मी खोडायला लावला. आता सगळे माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.