तीन पंखे

रविना: म्हणजे पंखाच नाय? आन असला कॉम्प्युटर तुमी शेठला सांगणार?

भगीरथ: सांगणार असं नाय, रविना. आपलं मनात आलं. चुकतही असेन.

रविना: काका, तीन महिने तुमच्या मनात येतंय! चार वाजता शेठ, कुठला घ्यायचा त्याचा कागद मागणार. शहापूरचा दुकानवाला सरळ बोलला, मोठा घ्या. तीन पंखे, तगडं ग्राफिक्स. कारखान्यातले पार्ट मोजायच्या सॉफ्टवेअरला तेच लागतं.

भगीरथ: खरंय त्याचं. बिनपंख्याचा चारी बाजूंनी बंद. जरा मंद आहे. पार्टचं चित्र फिरवायला वेळ घेतो.

रविना: मग? महिनाअखेर तुमी रिटायर होणार, त्याच्यापुढं मीच बसणार. काल चाळीस भोकं मोजायची होती. अडतिसाव्याला हा जुना डबा हँग. पयल्यापासून परत! मला फास्ट पायजे.

भगीरथ: बरोबर आहे तुझं. मोठाच लिहू.

रविना: असं लगेच हो नका म्हणू. तुमच्याशी भांडायलापण मजा येत नाय. कारण सांगा.

भगीरथ: कारण... ही वही बघ.

रविना: हँग झाल्याच्या तारखा? दिवाळीनंतर रोज. शिमगा झाला की एकपण नाय, पावसात नाय. परत दिवाळी. तीन वर्षं असंच? थंडी वाजते का काय याला?

भगीरथ: थंडी नाय गो. तापतो तो. पेचकस घे. बाजूचा पत्रा काढ.

(रविना पत्रा काढते.)

रविना: अगं आई! भाताचा तूस. पंखा पार चोंदलाय.

भगीरथ: शनिवारीच काढला होता. ब्रशनं.

रविना: शनिवारी कधी?

भगीरथ: तू घरी गेलीस की काढतो. दर शनिवारी.

रविना: मी गेल्यावरच का?

भगीरथ: पंखा हवा ओढतो, हवेबरोबर हेपण येतं. तीन पंखे तिप्पट ओढतील, असं मला वाटतं. मी काय त्यातला जाणकार नाय.

रविना: भिंतीपलीकडचा आहे हा. आमच्या भाताच्या गिरणीतला, दिवाळी ते शिमगा चालते ती. बोला ना सरळ.

भगीरथ: शेठचा डोळा आहे त्या जागेवर. शेड वाढवायचीय त्यांना. कागदावर तूस आला की त्यांना तक्रारीला निमित्त मिळालं. तुझा बाप चांगो, माझा शाळेतला सोबती. त्याची गिरणी माझ्या हातानं बंद पडायची... लिहिता येईना.

रविना: आन बापाची गिरणी वाचवायला मोठा घेतला असता तर?

भगीरथ: आता शिमगा आलाच. दिवाळीपर्यंत छान चालला असता.

रविना: मग हँग झाला असता. तवा तुमी नसता. शेठ बोलले असते, पोरीला मशिन जमत नाय.

भगीरथ: तेच डोक्यात फिरत होतं.

रविना: पेन द्या.

भगीरथ: आधी चांगोला विचार गो.

रविना: बापाला सांगते मी. तूस मागं सोडायला पाइप लाव, आई चार वर्षं ओरडतेय. शेठ यायच्या आधी पाइप बसला पायजे, असं सांगितलं तर आज ऐकंल. घ्या, वाचा.

भगीरथ: 'बिनपंख्याचा घ्यावा. कारण, शेजारच्या गिरणीचा तूस पंख्यात जातो. गिरणी माझ्या वडिलांची. पाइप लावून घेते. रविना.' ...वडिलांचं लिहायलाच हवं का?

रविना: शेठना दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा बरं. सही करा.

भगीरथ: थांब. खाली एक ओळ घालतो. 'माझं भातही याच गिरणीत भरडलं जातं. तीन वर्षं माहीत असून बोललो नाही.'

रविना: काका! जाता जाता कशाला ओढवून घेता?

भगीरथ: असू दे. ...सही जरा वाकडी आली. दुसरा कागद घेऊ का?

रविना: राहू द्या. मापात आहे.