एक्स-रेवरचा डाग

खरं बोलून मी एकदा माणूस गमावलाय, ऐका. परदेशात शिकून कोळवणला राहायला आलो, तेव्हा गावात माझ्याशी रोज येऊन बोलणारा दत्ता एकटाच होता. त्याला आखातात ड्रायव्हरची नोकरी लागली. व्हिसासाठी पुण्यात तपासणी होती, मी हौसेनं सोबत गेलो.

एक्स-रे बघून डॉक्टरांनी विचारलं, "हा डाग कसला?"

दत्ता शर्टाची बटणं लावत राहिला. मीच अभिमानानं सांगितलं, "टीबी होता. पण सहा महिन्यांत एक गोळी चुकवली नाही यानं. ठणठणीत बरा झालाय."

आखाताच्या नियमांत बरा झालेला टीबीही चालत नाही, म्हणत डॉक्टरांनी 'अनफिट'चा शिक्का मारला.

परतीच्या एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तरी दत्ता उभाच राहिला.

"अरे, खोटं कसं सांगणार?" मी म्हणालो.

"तुमी तिकडं जाऊन आलाय, सर. तुमाला खरं बोलणं परवडतंय."