पेटिबोननं पुलाला दिलेलं मत

विधानसभेचं काम आटोपून गावी परतणारे असाहेल पेटिबोन कनेटिकट नदीच्या काठावर टोपी डोळ्यांवर ओढून होडीची वाट बघत बसले होते. होडी त्यांच्याच मालकीची होती. शेजारी बसलेल्या दोघी बायकांनी त्यांना ओळखलं नव्हतं.

“ऐकलंस का, केझिया? पेटिबोननं पुलाच्या बाजूनं मत दिलं म्हणे.”

“अगं, पूल झाल्यावर त्याच्या होडीत बसणार कोण?”

“कोणी नाही. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय त्यानं.”

“गाव हसतंय त्याला.”

“हसू दे. मार्चात नदीतला बर्फ फुटला, होडी बंद झाली, आणि पलीकडे माझी लेक बाळंत झाली. मी इथं काठावर नुसती उभी.”

“मग तुझा नवरा यंदा मत कुणाला देणार?”

“मत त्याचं असलं तरी चूल माझी आहे. पेटिबोनलाच देईल.”

होडी काठाला लागली.

“या, पेटिबोनसाहेब,” नावाड्यानं हाक मारली.

दोघी गर्रकन वळल्या. पेटिबोननी टोपी काढली.

“आधी तुम्ही बसा, बाई. नातू झाला की नात?”

“नात. आता रांगायला लागलीय.”

“मग पुलावरून चालतच येईल तुमच्याकडे.”