कुमुदच्या लग्नातला आठवा श्लोक

मंडळी, सांगा बरं — लिहायला बसलं आणि पुढची ओळ सुचेना, तर माणसानं काय करावं? बोला! मागून कोण म्हणालं, 'दुसऱ्याची उचलावी'? वाटलंच मला. आमचे पेटीवालेच ते! आता ऐका.

चिंतोनाना नावाचे एक गृहस्थ होते. पंचक्रोशीत लग्न कुणाचंही असो, मंगलाष्टकं नानांची. चहा निवायच्या आत आठ श्लोक तयार! कसे? अहो, श्लोक तेच, नवरानवरीची नावं तेवढी बदलायची. लोक खूश, नाना खूश.

मग त्यांच्याच कुमुदचं लग्न ठरलं. पोरगी म्हणाली, "नाना, आठव्या श्लोकात आई हवी. नसेल तर तुम्ही म्हणूच नका. भटजी म्हणतील ती चालतील मला."

आई जाऊन सहा वर्षं झाली होती. नाना कागद घेऊन बसले. सात श्लोक झाले — आठवा येईना! पहिल्या दिवशी पेन बदललं. दुसऱ्या दिवशी खोली बदलली. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याशी भांडले. म्हणे, तुमचा रेडिओ आड येतो. अरे, त्याचा रेडिओ दोन महिने बंद पडलेला!

चौथ्या दिवशी वैतागून एक जुना श्लोक काढला आणि पोरीपुढे धरला. स्वर्गातून माउली फुलं उधळतेय वगैरे. तिनं वाचला.

"नाना, हा जोशांच्या शालूच्या आजीसाठी होता. मी होते त्या लग्नाला."

आता सांगा, बापानं तोंड कुठं लपवावं?

"मग करू काय?" नाना चिडले. "लग्न आठ दिवसांवर आलंय. नाही सुचत."

"नाही सुचत तर बसा. मीही बसते."

आणि बसली हो! रोज संध्याकाळी बापलेक, मध्ये कोरा कागद. काय, ऐकूनच कंटाळलात? ते बसले होते, ते किती कंटाळले असतील! लग्नाच्या आदल्या दिवशी कुमुद कागदाकडे बघत म्हणाली, "शाळेत जाताना आई दारात उभी राहायची. मी वळून बघायचेच नाही. मैत्रिणी हसायच्या."

नाना म्हणाले, "तू वळणापलीकडे गेलीस तरी ती उभी असायची गं."

सहा वर्षांत दोघं तिच्याविषयी बोललेच नव्हते, मंडळी. एकाच घरात राहून!

दुसऱ्या दिवशी अंतरपाट धरला. सात श्लोक झाले. नानांनी आठवा उचलला —

*दारी आइ उभी असे, वळुनि तू पाहून जा लाडके*

अंतरपाट दूर झाला. नवरदेव हार घेऊन सज्ज. आणि नवरी? ती पाठ फिरवून मांडवाच्या दाराकडे बघतेय! अक्षता लोकांच्या मुठीतच राहिल्या. भटजी घड्याळ दाखवताहेत. नवरदेव मात्र शहाणा. तिचं बघून होईपर्यंत हार धरून उभा राहिला.

आणि तुम्ही! मित्राची बायको जाते, तर मोबाईलवर आलेलं आयतं सांत्वन नाव बदलून पुढे ढकलता! काय लिहावं कळत नाही म्हणता? अहो, कळत नाही म्हणूनच तर बसायचं असतं! तुम्हाला सगळं आधी कळायला हवं, आणि तेही लगेच.

ओ काका, कुठं निघालात? बसा!