कातळाची जागा

मंडळी, ऐका! आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा आहे. आपल्या माणसाचं दुःख झाकावं, की त्याच्याजवळ जाऊन बसावं? तुम्ही म्हणाल, झाकावं. कुमुदताईंनीही झाकलं!

कोण या? देवरुखकडच्या एका खेड्यात शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या बाई. यजमान रघुनाथराव. दोघं रोज सकाळी रानातून फिरून यायची. वाटेत ओढा, ओढ्याकाठी कातळ. त्यावर टेकायचं, थर्मासातला चहा प्यायचा, आणि साखरेवरून भांडायचं! हसताय काय? तुमचं घरातच उरकतं, एवढाच फरक.

पुढे रघुनाथरावांना अर्धांगवायू झाला. माणूस खाटेला खिळला. वाचा शाबूत होती, पण बोलणं आटलं, जेवण दोन घासांवर आलं. एक दिवस म्हणाले, तू फिरून ये आणि रान मला काढून दाखव.

बाई एकट्या गेल्या. येऊन जलरंग घेऊन बसल्या. कागद भिजवला, आभाळ उतरवलं, ओढा, झाडं, पलीकडचा डोंगर — सुरेख! चित्र समोर धरलं. रघुनाथरावांनी बराच वेळ पाहिलं.

"आपला कातळ कुठे आहे?"

कातळ होता हो जागेवर! पण रिकामा होता. बाईंना तो बघवला नाही, म्हणून चित्रात त्याच्यावर करवंदीची जाळी रंगवली. म्हणाल्या, जाळी फार माजलीय, दिसत नाही.

"मग मी बसू कुठे?" असं म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाईंनी कुंचला स्वच्छ पाण्यात बुडवला, वाळलेली जाळी भिजवली आणि फडक्याने टिपत राहिल्या. जलरंग असा उचलता येतो, मंडळी — सगळा नाही, डाग राहतोच! हिरवट, फिकट कातळ हळूहळू वर आला.

"रिकामा होता हो. मला बघवेना."

"मलाही बघवणार नाही," रघुनाथराव म्हणाले. "दोघं मिळून बघू."

आणि चहा मागितला. साखर कमी पडली म्हणून कुरकुरलेसुद्धा!

मृदंगबुवा, हात जरा थांबू द्या. मंडळी, तुमच्याही घरी कुणीतरी अंथरुणाला असेल. तुम्ही उशी सारखी करता, हवापाण्याचं बोलता, आणि खरं बोलायचं त्यावर जाळी रंगवता. आज आरतीला थांबला नाहीत तरी चालेल. विठोबाला उभ्याने वाट बघायची सवय आहे. खाटेवरच्या माणसाला नाही.