जीपची मागची खिडकी

बडनेऱ्यात सीटकव्हरच्या दुकानात साधना स्कूटीची सीट तयार व्हायची वाट पाहत होती. बाकावर शेजारी एक म्हातारे काका आणि त्यांची लेक बसली होती. समोर त्यांची कापडी हुडाची जुनी जीप होती. हुडाच्या मागची प्लास्टिकची खिडकी पार पांढुरकी झाली होती.

"बाबा, कायनं पुसली हे?"

"ओल्या पेपरनं. घरचा आरसा तसाच चमकते ना."

"आरसा काचेचा हाये, हे प्लास्टिक! आधी पानी टाकून फुफाटा जाऊ द्याचा, मंग मऊ फडकं फिरवाचं."

"मले काय मालूम? दर सोमवारी घासून घासून पुसत होतो."

"सोमवारीच काहून?"

"सोमवारी तुले धारणीच्या बसवर सोडतो ना. परत निघालो का आरशात, त्या खिडकीतून तू दिसतं. वळणापर्यंत. आता नुसता ठिपका दिसते. हात हालवून राहिली का नाई, समजत नाई."

"ताई, सीट झाली तुमची," कारागीर म्हणाला. साधना जागची हलली नाही.

"हालवतो ना बाबा."

"कुठवर?"

"तुमी वळल्यावर बी."

"वळल्यावर तं मले दिसतच नाई."

"मले मालूम हाये."